लहान टाकीचा मोठा गैरसमज

घरातील रीफ टाकी म्हणजे खाऱ्या पाण्याची अशी टाकी, जिच्यात माशांबरोबर प्रवाळ, शंख, खेकडे, शेवाळ आणि खडकाच्या छिद्रांत राहणारे जीवाणू एकत्र जगवायचे असतात. नुसत्या माशांच्या टाकीहून ती वेगळी, कारण मासा थोडेफार बिघडलेले पाणी सोसतो, प्रवाळ सोसत नाही. या टाकीबद्दल जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दोन समज ऐकू येतात. एक पुण्या-मुंबईच्या बाजारातून येतो: नवशिक्याने तीस-चाळीस लिटरची छोटी टाकी घ्यावी, ती स्वस्त आणि सांभाळायला सोपी. दुसरा गावातलाच: समुद्र राहिला घाटाखाली, इथे खाऱ्या पाण्याची थेरं कशाला. पहिल्या समजाने टाक्या मरतात, दुसऱ्याने त्या लागतच नाहीत. दोन्ही चूक आहेत. पण नुकसान पहिल्याने जास्त होते, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घ्यावा लागतो.

अंतराचा आक्षेप आधी निकाली काढता येतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट चढून जुन्नरला येत होता. तेव्हा समुद्र लांब नव्हता, तो आता लांब झाला असे म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय समुद्राचे पाणी आणायचेच नसते. दीडशे लिटर समुद्रपाण्याचे वजन सुमारे १५४ किलो भरते आणि त्यातले क्षार असतात जेमतेम साडेपाच किलो. उरलेले सगळे साधे पाणी. ते माळशेज घाटातून टेम्पोने वर चढवण्यापेक्षा रीफ टाकीसाठी तयार केलेले मिश्र मीठ पिशवीतून आणणे शहाणपणाचे. घाट उतरल्यावर पहिल्यांदा लागते ते उल्हास खाडीचे पाणी तर कारखाने, सांडपाणी आणि गाळ यांमुळे टाकीच्या कामाचे नाही, आणि पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारेपणा नद्यांच्या पुराने उतरलेला असतो. समुद्रकाठच्या शहरांतले अनेक जाणकारही म्हणूनच मिश्र मीठच वापरतात. या बाबतीत जुन्नरचा माणूस मुंबईच्या माणसापेक्षा तसूभरही मागे नाही.

पैसे वाचवण्याचा एक सल्ला मात्र हमखास दिला जातो: मिठागरातले खडेमीठ घाला, तेही समुद्राचेच. ते समुद्राचे असते हे खरे, पण समुद्र नसते. मिठागरात पाणी आटत जाते तसे आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम खाली बसते, मग खायचे मीठ धरते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार मागच्या कडू पाण्यात राहतात. ते पाणी टाकून दिले जाते. म्हणजे प्रवाळाला हवे ते कॅल्शियम आधी गेले, मॅग्नेशियम नंतर गेले आणि हाती आले सोडियम क्लोराइड. रीफ टाकीत लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. खडेमिठाच्या पाण्यात खारेपणा बरोबर येतो, बाकीचे फारसे काही येत नाही. मासे काही काळ तग धरतात आणि त्यामुळेच हा सल्ला टिकून राहिला आहे.

मीठ कालवायचे ते गोडे पाणी हा या दोन तालुक्यांतला खरा प्रश्न. इथली जमीन बेसाल्टची, बोअरचे आणि विहिरीचे पाणी जड. त्यात कांदा, टोमॅटो, द्राक्षे आणि ऊस यांच्या शेतांत पडणाऱ्या खतांचे नायट्रेट उतरण्याची शक्यता धरावीच लागते. पिण्याला चालणारे पाणी शेवाळालाही चालते, आणि शेवाळ प्रवाळावर चढते. तेव्हा आरओचे पाणी हवेच. ‘घरात आरओ आहे’ एवढ्याने मात्र भागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रात चव राहावी म्हणून थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्या नळाच्या पाण्यात धरला की आकडा पन्नास, ऐंशी, कधी शंभरावर जातो. रीफ टाकीला शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा हवा, म्हणून ती मिसळण बंद करून पुढे उरलेले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. धरणांच्या या मुलखातही पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर येतात, तेव्हा हे पाणी गटारात सोडणे शोभत नाही. धुण्याभांड्याला ते बिनदिक्कत चालते.

आता मूळ मुद्दा, आकाराचा. लहान टाकीविरुद्ध सहसा बाष्पीभवनाचा मुद्दा पुढे केला जातो: पाणी लवकर उडते, खारेपणा झपाट्याने वाढतो. हा मुद्दा जपून वापरावा, कारण तो अर्धाच खरा आहे. पाणी उडते ते वरच्या पृष्ठभागावरून. चाळीस लिटरच्या चौकोनी टाकीची बाजू सुमारे ३४ सेंटिमीटर. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पातळी उतरली तर पाऊण लिटरच्या आसपास पाणी जाते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीतून त्याच हिशेबाने अडीच लिटर जाते. आठवडाभर दोन्हींत वरून पाणी घातलेच नाही, तर खारेपणा लिटरमागे ३५ ग्रॅमवरून दोन्हीकडे ३९ ते ४० पर्यंत चढतो. टक्केवारीत मोठा फरक नाही. रोज गोडे पाणी घालण्याची किंवा आपोआप पाणी भरणारे यंत्र लावण्याची गरज दोघींनाही सारखीच. उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. म्हणून भरही गोड्या पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. ही चूक फार जण करतात.

लहान टाकी घात करते ती दुसऱ्या कारणाने. माणसाच्या चुकांचा आकार ठरलेला असतो, टाकीच्या आकाराप्रमाणे तो लहान होत नाही. दहा ग्रॅम वजनाचा एक मासा रात्री मेला आणि खडकामागे अडकून दिसला नाही असे समजा. त्याच्या अंगातल्या प्रथिनांत सुमारे २७० मिलिग्रॅम नायट्रोजन असते. ते सगळे अमोनिया होऊन पाण्यात उतरले, तर चाळीस लिटरच्या टाकीत लिटरमागे जवळजवळ सात मिलिग्रॅम पडते, दीडशे लिटरच्या टाकीत दोनपेक्षा कमी. समुद्रपाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि या पातळीवर अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त राहतो. त्यामुळे पहिल्या टाकीत सकाळी उरलेले मासेही मेलेले सापडू शकतात. दुसरीत जीवाणूंना निस्तरायला वेळ मिळतो. घरातल्या पोराने प्रेमाने टाकलेली चिमूटभर जादा खाद्य, न धुता आत घातलेला हात, डासांच्या कॉइलचा धूर, प्रत्येकाचा हिशेब असाच लागतो.

हीटरचे गणितही तेच. शंभर वॉटचा हीटर बिघडून चालूच राहिला तर चाळीस लिटर पाणी तासाला दोन अंशांहून अधिक तापते. दीडशे लिटरच्या टाकीत शंभर-शंभर वॉटचे दोन हीटर लावले आणि त्यातला एक अडकला, तर चढ तासाला सुमारे अर्धा अंश. प्रवाळाला २४ ते २७ अंश मानवते. तीसच्या वर काही दिवस गेले की ते आपल्या पेशींतले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. जुन्नरात डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशीकडे झुकतो. ‘इकडे हवा थंड, चिलर कशाला’ हे वाक्य नोव्हेंबरात सुचते. इथे हीटरही लागतो आणि उन्हाळ्यासाठी पंखा किंवा चिलरही. पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरते, पण उडते जास्त. लहान टाकीत दर लिटरमागे काचेचा आणि पाण्याचा उघडा भाग मोठ्या टाकीच्या दीडपट असतो, म्हणून बाहेरची हवा तिच्यात लवकर शिरते.

त्यात वीज. ग्रामीण फीडरवर पुरवठा खंडित होणे नवे नाही, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात खांब आडवे केले ते अनेकांना आठवत असेल. टाकीतले पाणी हलते ठेवणारा पंप बंद पडला की हवेतून प्राणवायू विरघळणे फार मंदावते. दाटीवाटीने मासे भरलेल्या टाकीत काही तासांतच ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. इन्व्हर्टरवर दिवे आणि चिलर ठेवायची गरज नाही, फक्त पंप ठेवावा. नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही पहिली खरेदी, दिव्याच्याही आधीची. विक्रेत्याच्या यादीत तो सहसा नसतो.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की जुन्नर-आंबेगावात नवशिक्याने शंभर लिटरच्या खाली उतरू नये, आणि तीन फुटी टाकी हा सोयीचा आकार. तिच्यात काठोकाठ सुमारे १९० लिटर मावते, खडक-वाळू गेल्यावर दीडशेच्या आसपास उरते. काच, खडक, पाणी आणि स्टँड मिळून वजन अडीचशे किलोंच्या घरात जाते. जुन्नर शहरातल्या जुन्या वाड्यांच्या लाकडी माडीवर ती ठेवू नये. तळमजला, भिंतीच्या लगत, खिडकीचे ऊन पडणार नाही अशी जागा. लहान टाकीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे: तिचा चालू खर्च खरोखर कमी. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे तर चाळीस लिटरच्या टाकीला चार लिटर पुरते, दीडशेच्या टाकीला पंधरा लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे २८ किलो मीठ. अनुभवी माणूस लहान टाकी उत्तम चालवतो. पण तिला सोपी म्हणणारा तो नसतो, विकणारा असतो.

टाकी भरल्यावर लगेच मासे सोडता येतात हाही विकणाऱ्याचाच समज. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू खडकात रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चालू टाकीतला मूठभर खडक विरजणासारखा घातला किंवा बाटलीतले जीवाणू सोडले तर वेळ कमी होतो, शून्य होत नाही. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा आणू नये. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५ ग्रॅमच्या प्रमाण द्रावणाने जुळवावा. बाजारातल्या अनेक रिफ्रॅक्टोमीटरांची मोजपट्टी खायच्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते आणि समुद्रपाणी ३५ असताना ती साडेछत्तीस दाखवते. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवून समाधान मानणारे वर्षभर पाणी पातळ ठेवून बसतात.

खडकाचा प्रश्न आला की कायदा येतो, आणि जुन्नरात हा कायदा समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. बिबट्याचे कातडे घरात ठेवले तर काय होते हे या तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या ज्या पहिल्या अनुसूचीने बिबट्याला संरक्षण दिले, तिच्यातच २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांची नोंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी केली, प्रवाळांचे संरक्षण उठवले नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आहे. ‘हा काही जिवंत प्राणी नाही, दगड आहे’ ही पळवाट चालत नाही, कारण कायदा प्राण्याच्या अवयवांना आणि त्यापासून केलेल्या वस्तूंनाही लागू होतो. बाजारात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून मिळणाऱ्या, जीवाणू रुजलेल्या खडकाचा मोठा भाग प्रवाळाचा सांगाडाच असतो. ‘हे इंडोनेशियातल्या शेतीतले आहे’ ही दुसरी पळवाट; अनुसूची जातीच्या नावाने चालते, मुलखाच्या नावाने नाही, आणि दुकानाची पावती हा परवाना होत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही आधी वन्यजीव खात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये त्या दुसरीकडे नेण्यात आल्या. हजारो कोटींच्या रस्त्याला जी सूट नाही, ती बैठकीतल्या टाकीला कशी असेल?

कठीण प्रवाळ वगळले तर उरते काय, असा निराश प्रश्न इथे येतो. बरेच उरते. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले सच्छिद्र खडक बाजारात मिळतात. सिमेंटचा खडक काही आठवडे पाण्यात मुरवून पीएच उतरल्यावर वापरावा. ओढ्यातला काळा बेसाल्ट पाण्याला फारसा अपाय करत नाही, पण तो घट्ट असतो आणि जीवाणूंना राहायला छिद्रे देत नाही, म्हणून तळाचा आधार एवढेच त्याचे काम. या मांडणीवर झोअँथिड, मश्रूम प्रवाळ, चामड्यासारखे दिसणारे सार्कोफायटन हे मऊ जीव बसवता येतात. त्यांना कठीण सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे कॅल्शियमचा खप कमी. चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडण्याचा खटाटोप करावा लागत नाही, आठवड्याचा पाणीबदल पुरतो. नवशिक्याला याहून योग्य जीव नाहीत. एक सावधगिरी मात्र जिवावरची आहे. झोअँथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते बसलेला खडक उकळून किंवा ब्रशने घासून साफ करणाऱ्या घरांत माणसे दवाखान्यात भरती झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळावे, खडक कधीही उकळू नये.

माशांत क्लाउनफिशची जोडी हा सर्वांत बरा पर्याय, आणि तोही पैदास केलेल्यांचा. या माशांची बंदिस्त पैदास भारतात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र बसवले आहे, आणि महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशी पैदास झाली आहे. समुद्रातून पकडलेले मासे स्वस्त पडतात, पण फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची रीत अनेक वर्षे चालत आली आहे. असा मासा दुकानात तरतरीत दिसतो आणि घरी आल्यावर महिन्याभरात खंगतो. ‘डोरी’ म्हणून विकला जाणारा निळा सर्जनमासा तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तीन फुटी टाकीही त्याला तुरुंगच. मँडरिन मासा खडकावरचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपून जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. सफाई करणारा क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, तेव्हा चार माशांच्या टाकीत तो कशावर जगणार? दीडशे लिटरमध्ये क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी, थोडे शंख आणि साधू खेकडे एवढे पुरे. दोन जीवांच्या भरतीमध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर असावे, म्हणजे जीवाणूंची संख्या तेवढी वाढते.

शेवटचा समज सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो: एका घरच्या टाकीने समुद्राचे काय बिघडणार. याचे उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्याने दीड शतकापूर्वी दिले आहे. निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस याचे टाकीवरचे पुस्तक १८५४ मध्ये निघाले आणि खाऱ्या पाण्याची टाकी ही तिथल्या मध्यमवर्गाची हौस बनली. लोक बादल्या घेऊन खडकांवर उतरले. त्याचाच मुलगा एडमंड गॉस याने १९०७ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले की बापाने वर्णन केलेली ती समृद्ध डबकी त्या गर्दीने लुटून ओसाड केली. तिथेही प्रत्येकाची टाकी एकच होती. महाराष्ट्राला मालवणच्या सागरी अभयारण्यात, १९८७ पासून संरक्षित पाण्यात, आणि विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर स्वतःचे प्रवाळ आहेत. मालवणचे प्रवाळ तर आधीच तापत्या पाण्याने पांढरे पडत आहेत. जुन्नरच्या टाकीतला माल या ठिकाणांहून येऊ नये एवढी मर्यादा टाकी पाळणाऱ्याला जड नाही.

पाणीबदलात निघालेले खारे पाणी कुठे टाकायचे हा प्रश्न समुद्रकाठी उद्भवत नाही, इथे उद्भवतो. आठवड्याचे पंधरा लिटर म्हणजे वर्षाकाठी सुमारे २८ किलो क्षार. ते कांद्याच्या वाफ्यात, कुंडीत किंवा विहिरीच्या काठाला एकाच जागी ओतले तर माती खारावते. घराच्या सांडपाण्यात भरपूर गोड्या पाण्याबरोबर थोडेथोडे सोडावे. परसबागेच्या शोषखड्ड्यात ते टाकू नये, कारण जिथे बोअर जवळ असतो तिथे ते काही वर्षांनी परत त्याच आरओच्या नळाला येते.